पितर होण्याआधी

माणूस गेल्यावर दोन-तीन दिवसांत घरात फोटोची शोधाशोध सुरू होते. दशक्रियेचा फ्लेक्स लावायचा असतो, पेपरात निधनवार्ता द्यायची असते, तेराव्यापर्यंत भिंतीवर तसबीर हवी असते. आईचा एकटीचा, समोर बघणारा फोटो बहुतेक घरांत नसतोच. मग कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपफोटोतून तिचा चेहरा वेगळा काढतात. तिच्या खांद्यावर आलेला जावेचा हात स्टुडिओवाला पुसतो, मागे निळसर आकाश भरतो, कपाळावरचं कुंकू नीट गोल करून देतो. पूर्वी हे काम पेन्सिलीने आणि बारीक ब्रशने चाले, त्याला टचिंग म्हणत. आता ते संगणकावर होतं. वडिलांच्या अंगावर त्यांनी जन्मात न घातलेला कोट चढतो. गालावरचा व्रण जातो, डोळ्यांखालची सूज जाते. भिंतीवर जो चेहरा लागतो तो ओळखीचा असतो, पण त्यात राग नसतो, हट्ट नसतो, दुखणं नसतं. चंदनाचा हार घातला की काम पुरं झालं.

या रीतीला नावं ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. ही रीत आपल्या अंत्यविधींना धरूनच आहे. बाराव्या दिवशी सपिंडीकरण होतं. मूळ शास्त्रात ते वर्षाने सांगितलेलं, पण आता बहुतेक ठिकाणी बाराव्यालाच उरकतात. गेलेल्या पुरुषाच्या नावाने केलेल्या पिंडाचे तीन भाग करून ते त्याच्या बापाच्या, आज्याच्या आणि पणज्याच्या पिंडात मिसळायचे. त्या क्षणापर्यंत तो एक विशिष्ट माणूस असतो, भुकेला, अडखळलेला, घराभोवती घुटमळणारा. पिंड मिसळला की तो पितर होतो. पुढच्या श्राद्धांत बाप वसुरूप, आजा रुद्ररूप आणि पणजा आदित्यरूप. ज्या घरांत पितरांचे टाक पुजतात त्या घरांतले चांदीचे टाक पाहावेत. दोन पिढ्यांचे टाक शेजारी ठेवले तर कोणता कोणाचा हे घरातलं जुनं माणूसच सांगू शकतं. मागे राहिलेल्यांना जगता यावं म्हणून गेलेल्याचं वेगळेपण हळूहळू काढून घेण्याची ही व्यवस्था आहे, आणि ती फार शहाणी आहे.

या पुस्तकातले छायाचित्रकार मात्र त्या व्यवस्थेला काही काळ थांबवून धरतात. माणूस गेलेला आहे, पण अजून पितर झालेला नाही, त्या मधल्या अवधीत ते कॅमेरा घेऊन शिरतात आणि कधी कधी वर्षानुवर्षं तिथेच राहतात. आईची कवळी, घटस्फोटित बायको रोज ज्या दारातून बाहेर पडायची ते दार, वाहून गेलेल्या गावातली नदी, एवढंच त्यांच्यासमोर असतं. गेलेल्या माणसाला पूर्वजांच्या रांगेत नेऊन बसवायला त्यांचा नकार आहे, आणि त्या नकारातून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आणि त्यानंतरची काही अत्यंत मोलाची छायाचित्रं जन्माला आली, असं माझं ठाम मत आहे.

‘कलात्मक फोटो’ म्हटलं की आपल्याकडे अजूनही पहाटेच्या धुक्यातली नाव, वारकऱ्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, किल्ल्यामागचा सूर्यास्त असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. स्पर्धा आणि सलोन प्रदर्शनांनी ती चव घडवली. इथे तो अर्थ सोडून द्यावा लागेल. या पुस्तकातली कित्येक छायाचित्रं सुटी पाहिली तर साधी, काही तर चुकल्यासारखी वाटतील. त्यांचं कलापण चौकटीच्या सौंदर्यापेक्षा निर्णयांमध्ये असतं. काय टिपायचं, किती वेळा टिपायचं, कशानंतर काय ठेवायचं, कागदावर केवढं छापायचं आणि कुठे थांबायचं, हे सगळे निर्णय छायाचित्रकार स्वतः घेतो आणि त्यांची जबाबदारीही त्याचीच असते. म्हणून या क्षेत्रात सुट्या चित्रापेक्षा मालिकेला आणि प्रदर्शनापेक्षा पुष्कळदा पुस्तकाला महत्त्व आहे.

मरण आणि फोटो यांचं नातं फोटोइतकंच जुनं आहे. १८३९ मध्ये डागेर यांच्या छायाचित्रण-पद्धतीची घोषणा झाली आणि थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेत गेलेल्या बाळाला मांडीवर घेऊन फोटो काढून घेण्याची रीत पडली. अनेकदा तो त्या बाळाचा एकुलता एक फोटो असे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या पहिल्या पिढीतल्या देशी सभासदांपैकी होते. म्हणजे हे यंत्र आपल्याकडे उशिरा आलं असं म्हणायला जागा नाही. पण फोटो हा शोकाचा दस्तऐवज असणं वेगळं आणि शोकातून विचारपूर्वक केलेलं काम असणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला आणखी शंभर वर्षं लागली.

या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलताना जगभर सगळे फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थपासून सुरुवात करतात, आणि मलाही तो टप्पा ओलांडूनच पुढे जायला हवं. २५ ऑक्टोबर १९७७ रोजी बार्थ यांची आई गेली. तिच्या शेवटच्या आजारात शुश्रूषा त्यांनीच केली होती. पुढे जुने फोटो चाळताना ती त्यांना एकाही फोटोत पूर्ण सापडेना. कुठे नुसतं कपाळ तिचं, कुठे हाताची ठेवण तिची. शेवटी ती सापडली १८९८ मधल्या एका फोटोत. त्यात ती पाच वर्षांची आहे आणि काचेच्या छताच्या हिवाळी बागेत सात वर्षांच्या भावाशेजारी उभी आहे. मुलाने आईला जन्मात ज्या वयात पाहिलं नव्हतं त्या वयात त्याला ती भेटली. १९८० मध्ये निघालेल्या ‘ला शाँब्र क्लेअर’ या त्यांच्या पुस्तकात इतर अनेक फोटो छापले आहेत, हा एक मात्र नाही. इतरांसाठी तो हजारो जुन्या फोटोंपैकी एक ठरेल, त्यांना काही टोचणार नाही, असं त्यांनी कारण दिलं. पुस्तक आल्यावर थोड्याच आठवड्यांत, अपघातात झालेल्या दुखापतीनंतर, २६ मार्च १९८० रोजी बार्थ स्वतः गेले.

बार्थ यांच्या पुस्तकाचं ऋण मोठं आहे. फोटोतला एखादा क्षुल्लक तपशील, चपलेचा पट्टा किंवा गळ्यातली साखळी, पाहणाऱ्याला अवचित टोचतो आणि तिथून सगळा फोटो जिवंत होतो, हे त्यांनी ज्या नेमकेपणाने सांगितलं तसं कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यांच्याशी माझा एक मतभेद आहे आणि या पुस्तकाची दिशा त्यातूनच ठरली. बार्थ आईचं सार सामावणारा एक फोटो शोधत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचं आयुष्य एका चौकटीत मावेल अशी त्यांची आशा होती. आपल्या भिंतीवरची तसबीरही हेच करते, फक्त बार्थ यांची निवड अधिक कोवळी आणि अधिक खासगी होती. त्यांच्या नंतरच्या, आणि काही त्यांच्या समकालीन, छायाचित्रकारांनी या ‘एका फोटो’वरचा विश्वासच सोडला. माणूस एका चित्रात येत नाही, तेव्हा चाळीस चित्रं काढू; त्यातली काही एकमेकांना खोटं पाडतील, तर पाडू देत, अशी त्यांची वृत्ती आहे.

इशिउची मियाको हे त्यातलं माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं नाव. जन्म १९४७ चा, बालपण अमेरिकन नौदलाचा तळ असलेल्या जपानमधल्या योकोसुका शहरात. सत्तरच्या दशकात त्या छायाचित्रणाकडे वळल्या तेव्हा त्यांनी स्वतःचं जन्मनाव बाजूला ठेवून आईचं माहेरचं नाव कलेसाठी घेतलं. आई हयात होती. दोघींचं फारसं जमत नव्हतं, हे इशिउचींनी लपवलेलं नाही. तरीही ज्या नावाने पुढे जगाने मुलीला ओळखलं ते नाव आईने लग्नात मागे टाकलेलं होतं.

ही आई साधी बाई नव्हती. १९१६ मधला जन्म. त्या काळात मोटार चालवण्याचा परवाना काढून मांचुरियात गेलेली, युद्धाच्या काळात ट्रक चालवलेली. पहिला नवरा युद्धात मेला असं कळल्यावर तिने दुसऱ्या पुरुषाबरोबर संसार मांडला, इशिउची पोटात होत्या, आणि पहिला नवरा जिवंत परत आला. तिने त्याला पैसे देऊन रीतसर घटस्फोट घेतला. २००० सालाच्या अखेरीस ती कॅन्सरने गेली. घरात उरल्या तिच्या वस्तू. त्या टाकवेनात आणि त्यांच्याकडे बघवेना. इशिउचींनी त्या एकेक करून उजेडात धरल्या आणि त्यांचे फोटो काढले.

लिपस्टिक वापरून वापरून तिरकी झिजलेली. ब्रशात अडकलेले केस. कवळी. टाचेशी दबलेले बूट. काचेवर चिकटवलेले, उन्हाने आरपार दिसणारे अंतर्वस्त्रांचे पातळ कपडे, ज्यांतून बाईचा आकार अजून गेलेला नाही. त्याआधी आईच्या हयातीत त्यांनी तिच्या अंगावरचा भाजल्याचा व्रणही टिपला होता, तो याच मालिकेत येतो. तोवर इशिउची कृष्णधवल काम करत आल्या होत्या. स्वतः अंधाऱ्या खोलीत मोठ्या, खरखरीत दाण्याच्या प्रिंट काढणं ही त्यांची ओळख होती. लिपस्टिकपाशी येऊन त्या अडल्या. तांबडा रंग काळ्या-पांढऱ्यात उतरेना, म्हणून त्या रंगीत फिल्मकडे वळल्या. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. स्वतःची पंचवीस वर्षांची शैली त्यांनी एका लिपस्टिकसाठी सोडली, कारण आईच्या ओठांचा रंग करडा दाखवणं हा तिच्यावर अन्याय झाला असता.

‘मदर्स’ ही मालिका २००५ मध्ये व्हेनिस बिएनालेच्या जपानी दालनात लागली. तिचा परिणाम कळण्यासाठी जपान माहीत असावं लागत नाही. आपल्या घरातलं कपाट आठवावं. आई गेली की तिच्या साड्या वाटल्या जातात. एखादी लेकीला, एखादी सुनेला, चार कामवाल्या बाईंना, उरलेल्यांची गोधडी. साडी कुणालाही नेसता येते. ब्लाउज मात्र कुणी मागत नाही. तो एकाच अंगाचा असतो; काखेत घामाचा डाग, बाहीला आजारपणात घातलेली जादा चुणी, शेवटी शेवटी सैल पडल्यावर आत घातलेली शिवण. परकर, चष्मा, कवळी, गुडघ्याचा पट्टा यांचंही तसंच. या वस्तू रात्री पिशवीत भरून गुपचूप टाकल्या जातात, कारण त्यांत देह शिल्लक असतो. इशिउचींनी नेमक्या याच पिशवीतल्या वस्तू निवडल्या. आईला ‘माउली’ करण्याची सगळी सामग्री त्यांनी बाजूला ठेवली आणि ती बाई, जिला तांबडी लिपस्टिक आवडायची, तिला समोर आणलं.

पुढे त्यांना हिरोशिमाला बोलावणं आलं. तिथल्या शांती स्मारक संग्रहालयात ६ ऑगस्ट १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात सापडलेल्यांचे कपडे जपून ठेवले आहेत, नातेवाईकांनी दिलेले. ते कपडे जगाने काळवंडलेले, भीषण, कृष्णधवल असेच पाहिले होते. इशिउचींनी ते आईच्या कपड्यांसारखेच हाताळले. हातात धरलेला ३५ मिमीचा कॅमेरा, नैसर्गिक उजेड आणि रंग. २००७ पासूनच्या या कामात फुलाफुलांचा ब्लाउज दिसतो, हौसेने लावलेली बटणं दिसतात, घरी शिवलेल्या झग्याची शिलाई दिसते. लाखांतल्या एका मृताचा पुरावा म्हणून दिसणारा कपडा अचानक कुणा मुलीचा आवडता झगा होतो. एका घरातला शोक नीट पाहायला शिकल्यामुळेच त्यांना दुसऱ्यांचा एवढा मोठा शोक उथळपणा न येऊ देता पाहता आला, असं मी समजतो. स्मृतीचं छायाचित्रण खासगी असतं म्हणून ते संकुचित असतं, या आक्षेपाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

मासाहिसा फुकासे यांच्यावरचा लेख लिहिणं मला सर्वांत जड गेलं. त्यांचा जन्म १९३४ चा, होक्काइदो बेटावरच्या बिफुका या लहान गावात, आजोबांनी काढलेल्या फोटो स्टुडिओत. थोरला मुलगा म्हणून स्टुडिओ त्यांनी चालवायचा होता. ते तोक्योला गेले ते तिथेच राहिले. स्टुडिओ धाकट्या भावाने सांभाळला. १९७१ पासून ते अधूनमधून घरी येत, सगळ्या कुटुंबाला त्याच स्टुडिओत, त्याच जुन्या पेटी कॅमेऱ्यासमोर बसवत आणि ग्रुपफोटो काढत. फक्त त्यात काहीतरी बिघडवत. एकात सगळे पाठमोरे, एकात अर्धनग्न बायको योको मधोमध. पुढे लग्न मोडल्यावर तिच्या जागी भलत्याच कुणी मॉडेल. गंमत म्हणून सुरू झालेलं हे काम वर्षांबरोबर बदलत गेलं. १९८७ मध्ये वडील गेले. त्यानंतरच्या फोटोत त्यांच्या जागी त्यांची तसबीर आहे. १९८९ मध्ये स्टुडिओ बंद पडला आणि १९९१ मध्ये ‘काझोकु’, म्हणजे ‘कुटुंब’, हे पुस्तक आलं. तसबीर भिंतीवरून उतरून कुटुंबाच्या ग्रुपफोटोत येऊन बसते तेव्हा काय होतं, ते या पुस्तकात पाहायला मिळतं. केतकी शेठ यांनी २०१८ मध्ये ‘फोटो स्टुडिओ’ या पुस्तकात आपल्या देशातल्या विझत चाललेल्या स्टुडिओंचे पडदे, खुर्च्या, नकली बागा जमवल्या आहेत. ती दोन पुस्तकं शेजारी ठेवून पाहावीत.

पण फुकासे जगभर ओळखले जातात ते ‘कारासु’साठी, ‘कावळे’ या पुस्तकासाठी. योकोचे फोटो त्यांनी वेड लागल्यासारखे काढले होते. १९७४ मध्ये रोज सकाळी ती कामावर निघाली की ते वरच्या मजल्याच्या खिडकीतून तिला टिपत. ती कधी हसे, कधी जीभ दाखवे, कधी वर बघतच नसे. १९७६ मध्ये ती घर सोडून कायमची गेली. त्याच काळात गावाकडच्या प्रवासात त्यांनी कावळे टिपायला सुरुवात केली आणि १९८२ पर्यंत ते थांबले नाहीत. तारेवरचे कावळे, बर्फात मेलेला कावळा, फ्लॅशच्या उजेडात चमकणारे झाडभर डोळे. पुस्तक १९८६ मध्ये निघालं. १९९२ मध्ये तोक्योतल्या एका बारच्या जिन्यावरून पडून त्यांच्या मेंदूला इजा झाली. त्यानंतर वीस वर्षं, २०१२ मध्ये मरण येईपर्यंत, त्यांनी फोटो काढला नाही.

पाश्चात्त्य समीक्षक या कावळ्यांना अपशकुन म्हणतात, आणि जपानी लोकसमजुतीला धरून ते बरोबरही आहे. मराठी माणसाला मात्र इथे आणखी एक वाट उघडी आहे आणि ती वापरायला संकोच करू नये. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवून आपण मागे सरकतो आणि वाट पाहतो. कावळा शिवेना की कुजबूज सुरू होते, काय राहिलं असेल मनात. मग कुणी पुढे होऊन मोठ्याने शब्द देतं. धाकटीचं लग्न करून देऊ, आईला अंतर देणार नाही. तरी शिवेना तर शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. हा विधी ठाऊक असणाऱ्याला फुकासेंची पानं उलटताना जे जाणवतं ते पॅरिसच्या वाचकाला जाणवणार नाही. इथे शेकडो कावळे आहेत आणि पिंड नाही. कारण कुणी मेलेलंच नाही. एक बाई घर सोडून गेली आहे आणि जगते आहे. अशा जाण्याला दहावा नाही, बारावा नाही, शब्द देऊन मोकळं होण्याची सोय नाही. सहा-सात वर्षं कावळ्यांमागे फिरणाऱ्या माणसाची तडफड मला तिथे दिसते.

जिवंत माणसाच्या जाण्याचं आपल्या देशातलं मोठं काम सोहराब हुरा यांचं आहे. १९९९ मध्ये त्यांच्या आईला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. घराचं दार बाहेरच्यांना बंद झालं. अनेक वर्षं ते घर आणि आई टाळून बाहेरचेच फोटो काढत राहिले, मग कॅमेरा घरात वळवला. ‘लाइफ इज एल्सव्हेअर’ (२०१५) कृष्णधवल आहे, अंगावर येणारं. ‘लुक इट्स गेटिंग सनी आउटसाइड!!!’ (२०१८) रंगीत, त्यात आई आणि तिची एल्सा नावाची कुत्री. मानसिक आजाराची लाज बाळगणाऱ्या आपल्या समाजात ही पुस्तकं आईला ‘बिचारी’ करत नाहीत. ती चिडते, हसते, कुत्रीशेजारी झोपते. समोर असलेलं माणूस हरवतं आणि काही दिवशी परत येतं, असा शोक शब्दांत मांडणं कठीण. चित्रांच्या क्रमात तो मांडता येतो, कारण उलटलेल्या पानावर आई आजारी आणि पुढच्याच पानावर लख्ख बरी असू शकते.

अगदी उलट्या टोकाला विवान सुंदरम यांचं ‘री-टेक ऑफ अमृता’ (२००१-०२). त्यांची मावशी, चित्रकार अमृता शेरगिल, डिसेंबर १९४१ मध्ये लाहोरला अठ्ठावीस वर्षांची होऊन गेली. विवान त्यानंतर जन्मले. आजोबा उमराव सिंग शेरगिल यांनी काढलेले घरचे फोटो त्यांनी संगणकावर एकत्र जोडले. वेगवेगळ्या वर्षांतली अमृता, वडील, आई, बहीण एका खोलीत आली. ज्या मावशीची एकही आठवण स्वतःची नाही तिच्यासाठी केलेलं हे काम मला कधी फार चतुर वाटतं, कधी फार हळवं. पुस्तकातल्या लेखात मी दोन्ही बाजू तशाच ठेवल्या आहेत.

या विषयात एक प्रश्न टाळता येत नाही. गेलेल्याची परवानगी कुणी घ्यायची? जपानी छायाचित्रकार नोबुयोशी अराकी यांनी १९७१ मध्ये मधुचंद्राच्या प्रवासाचं पुस्तक स्वतः छापलं. १९९० च्या जानेवारीत पत्नी योको कॅन्सरने गेली आणि १९९१ मध्ये तिच्या शेवटच्या दिवसांसकट दुसरं पुस्तक आलं. त्यात शवपेटीतला, फुलांनी वेढलेला तिचा चेहरा आहे. किशिन शिनोयामा या नामवंत छायाचित्रकार मित्राने त्या चित्रावरून अराकींना सुनावलं आणि दोघांचं फाटलं. छायाचित्रकार ॲनी लीबोविट्झ यांनी २००६ मध्ये आपली सहचरी, लेखिका सुझन सोंटॅग यांच्या अखेरच्या आजारातले आणि मृत्यूनंतरचे फोटो प्रसिद्ध केले. ‘ऑन फोटोग्राफी’ लिहिणाऱ्या बाईच्या वाट्याला हे आलं, आणि त्यावर तिच्या मुलाने जाहीर नाराजी नोंदवली. माझं मत सांगायचं तर अराकींचं शवपेटीचं चित्र त्या क्रमात अपरिहार्य वाटतं, कारण त्याआधीच्या पानांत योको वीस वर्षं जगली आहे. लीबोविट्झ यांच्या पुस्तकात घरचा शोक आणि ताऱ्यांची व्यावसायिक छायाचित्रं एकाच जिल्दीत आहेत, आणि त्या शेजारामुळे मला ती पानं उलटताना परक्याच्या खोलीत शिरल्यासारखं वाटतं. पण हे माझं वाचन आहे. वाचकाने स्वतः पाहून ठरवावं.

आणखी एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. स्मृती या विषयावरच्या प्रदर्शनांत, विशेषतः नव्या मुलांच्या, धूसरपणाची साथ आली आहे. हललेला फोकस, तपकिरी छटा, पडद्यामागची रिकामी खुर्ची, ओल आलेली भिंत. आठवण म्हणजे धूसर असं गृहीत धरलेलं असतं. ज्याचं कुणी गेलं आहे त्याला विचारा. त्याला इस्पितळाच्या चादरीवरचा शिक्का आठवतो, सलाइनच्या बाटलीवरची तारीख आठवते, पायाच्या अंगठ्याचं वाढलेलं नख आठवतं. शोकाची नजर फार तीक्ष्ण असते. धूसरपणाने पाहणाऱ्याला नुसती हुरहुर मिळते, माणूस मिळत नाही. फुकासेंचे कावळेही कित्येकदा हललेले, दाणेदार आहेत, पण तो हात हललेला आहे; सजावट म्हणून आणलेली ती धूसरता नव्हे.

नाओया हाताकेयामा यांचं उदाहरण या संदर्भात बोलकं आहे. चुनखडीच्या खाणी आणि सुरुंगांचे स्फोट टिपणारे, अत्यंत नेमके, थंड डोक्याचे छायाचित्रकार. गावाकडचे फोटो ते सहज, स्वतःपुरते काढून एका खोक्यात ठेवून देत; त्यांना ते आपलं ‘काम’ मानतच नव्हते. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत त्यांचं गाव रिकुझेनताकाता वाहून गेलं, घर गेलं, आई गेली. २०१२ मध्ये आलेल्या ‘केसेनगावा’ या पुस्तकात त्यांनी त्या खोक्यातले फोटो आणि आपत्तीनंतरचे फोटो आणले. नदी, पूल, उत्सव, अंगण; आणि मग तेच गाव, जिथे काहीच नाही. पहिल्या भागातला एकही फोटो शोकासाठी काढलेला नव्हता. बाहेर जे घडलं त्याने त्या फोटोंचा अर्थ बदलला, फोटो तेच राहिले. त्याच आपत्तीत मियागी प्रांतातल्या यामामोतो गावात चिखलातून सुमारे ७ लाख ५० हजार घरगुती फोटो गोळा झाले. स्वयंसेवकांनी ते धुतले, वाळवले, क्रमांक घातले आणि जमतील तितके मालकांपर्यंत पोचवले. घर नाही, अन्नाची भ्रांत, आणि लोक रांगेत उभे राहून फोटो शोधत होते.

हे पुस्तक मी छायाचित्रणाच्या विद्यार्थ्यांसाठी लिहायला घेतलं होतं. लिहिता लिहिता माझ्यापुढे दुसराच वाचक येऊन बसला. ज्याला येत्या काही दिवसांत एक कपाट रिकामं करायचं आहे, असा. त्याला कॅमेऱ्याची माहिती नसेल, खिशात फोन असेल. त्याने हे लेख वाचायलाच हवेत असं नाही. पण पिशवी बांधण्याआधी एक दुपार काढावी. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड पुरतो. वस्तू झाडूनपुसून नीटनेटक्या करू नयेत. झीज, डाग, दुमड तशीच राहू द्यावी. साडीबरोबर ब्लाउज घ्यावा, चष्म्याबरोबर त्याच्या दांडीला गुंडाळलेला दोरा घ्यावा, औषधांचा डबा उघडून घ्यावा. फोटो रंगीत काढावेत. त्यातले थोडे तरी कागदावर छापून घ्यावेत, आणि मागे पेन्सिलीने लिहावं. जुन्या फोटोंच्या मागे बायकांची नावं सापडतात ती ‘सौ. काकू’, ‘नानांची आई’ अशी. तसं लिहू नये. वस्तू कुणाची, केव्हाची, आणि तिचं संपूर्ण नाव. लग्नात बदललेलं पहिलं नाव आणि माहेरचं आडनावसुद्धा.